डब्यावर जाऊ नये

मामीच्या स्वयंपाकघरात डब्यावरचं नाव वाचून जो डबा उघडतो, तो फसतो. श्रीखंडाच्या डब्यात मोहरी असते, कॉफीच्या बरणीत मेथ्या, आणि हिंगाच्या डबीत देवघरातलं कुंकू. सुट्टीला आलेल्या भाचरांनी फ्रीजमधून आइस्क्रीमचा डबा पळवून गच्चीवर न्यावा आणि आत भिजवलेले मूग निघावेत, हा प्रसंग आमच्याकडे दर पिढीत एकदा घडतोच. आधीच्या पिढीने सावध केलेलं असूनही घडतो.

अशी एक मामी, काकू किंवा आत्या प्रत्येक मराठी घरात असते. आमची डोंबिवलीत असते. तिला काटकसरी म्हटलेलं मात्र आवडत नाही. "काटकसर कसली त्यात? चांगली वस्तू टाकवत नाही, एवढंच." आता यातली 'चांगली' वस्तू म्हणजे काय, तर तळ न गळणारी कोणतीही.

दुधाची पिशवीच बघा. मामी तिचा कोपरा असा कापते, की कापलेला तुकडा पिशवीलाच लोंबत राहावा. सुटा तुकडा मोरीच्या जाळीत जाऊन बसतो आणि भंगारवालाही त्याला हात लावत नाही. दूध ओतून झालं की पिशवीत पेलाभर पाणी घालून ती खळखळवायची. ते पांढुरकं पाणी चहाच्या आधणात जातं. मग पिशवी उभी चिरून ओली असतानाच ओट्यामागच्या टाइलवर थापटायची. ओली असेपर्यंत ती चिकटून राहते, वाळली की आपली आपण गळून पडते. पडली की घडी, घडी गादीखाली. महिनाअखेरीस वजन काट्यावर चढतं तेव्हा भंगारवाल्याच्या हातातल्या तराजूकडे मामी ज्या नजरेने बघते, त्या नजरेने तिने मामांना बघून पसंत केलं असतं तर लग्न बहुधा ठरलंच नसतं.

२०१८ च्या जूनमध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार दंड, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार आणि वर तीन महिने कैद. मामा पेपरातली बातमी वाचून हळूच उठले आणि त्यांनी बेडरूमचं दार लोटून घेतलं. गादीखालचा साठा एका जन्मात भोगून संपणारा नव्हता. मामी निवांत होती. जुन्या पडद्यांच्या आणि मामांच्या विरलेल्या पँटींच्या पिशव्या तिने केव्हाच शिवून ठेवल्या होत्या. अजूनही मामा भाजीला निघतात तेव्हा आपल्याच पँटच्या खिशात कोथिंबीर खोचून परत येतात.

खाण्याच्या बाबतीत तिचं शास्त्र आणखी पक्कं आहे. तिच्याकडे शिळं काही नसतंच, कालचं असतं. कालची पोळी आज फोडणीची होते, नाहीतर गूळ-तूप लावून लाडू. कालचं वरण कणकेत जातं. दुधीची भाजी दुपारी होते आणि त्याच दुधीची सालं रात्री चटणी होऊन येतात. पण तिची खरी करामत दोडक्याच्या शिरांची चटणी. शिरा बारीक चिरायच्या, तेलाच्या थेंबावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, मग भाजलेले तीळ, सुकं खोबरं, तिखट, मीठ घालून हातानेच चुरायच्या. मिक्सर लावायचा नाही, पीठ होतं. पाहुणे बोटं चाटतात आणि विचारतात, "कशाची हो?" मामी म्हणते, "आधी पोळी संपवा." कढवलेल्या तुपाची बेरी, पनीरचं पाणी, कलिंगडाचा सालीलगतचा पांढरा भाग, सगळ्यांच्या नशिबी शेवटी थालीपीठ आहे. रविवारचं थालीपीठ हा त्या आठवड्याचा ताळेबंद असतो. जाणकार माणूस एका घासात सोमवारपर्यंत मागे जाऊ शकतो.

आणि हे सगळं व्यवस्थित, बरं का. तिच्या घरात पसारा शोधून सापडायचा नाही. तूरडाळीला एरंडेलाचा हात, तांदळात कडुनिंबाचा पाला, साखरेत चार लवंगा, रवा आणल्या दिवशी भाजून मगच डब्यात. फळ्यांवर जुन्या कालनिर्णयची पानं. त्यांचा कागद जाड, आणि वर हिशेबही सांभाळून ठेवतो. पोह्यांचा डबा उचलला तर खाली एखादा जुना श्रावण निघतो आणि त्यात मामीच्या अक्षरात 'दूध जादा १ लि., गॅस लावला' असं लिहिलेलं असतं. मापासाठी एक कडेला चेपलेली वाटी आहे. लग्नात आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'त सगळं वाटी-चमच्याच्या मापात, त्यामुळे वजनकाटा घरात यायचं कारणच पडलं नाही. त्या चेपल्या वाटीवर घराची चव ठरलेली आहे. लेकीने सासरी जाताना ती मागितली होती. मिळाली नाही.

मग सूनबाईंनी ऑनलाइन बरण्या मागवल्या. पारदर्शक, एकसारख्या, घट्ट झाकणाच्या, सोबत चिकटवायच्या चिठ्ठ्या. मामीने खोका उघडेपर्यंत दम धरला आणि मग विचारलं, "सामान ठेवायला सामान विकत आणलंस?" मला विचाराल तर घर आवरण्याच्या आजच्या सगळ्या धंद्यावर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. पण बोलण्यापुरतंच. सुनेचं मन मोडायचं नाही म्हणून मामीने स्वतः बरण्या भरायला घेतल्या. एक किलो साखर बरणीत बसली, वर जागाही राहिली. एक किलो पोहे मात्र तेवढ्याच बरणीत निम्मेसुद्धा मावेनात. उरलेले पोहे पुड्यात, पुड्याला रबर, रबर लावलेला पुडा ठेवायला श्रीखंडाचा मोठा डबा. संध्याकाळपर्यंत दर्शनी फळीवर बरण्या रांगेत उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे दुसऱ्या रांगेत, बरणीत न मावलेल्या संसाराचे जुने डबे. बरण्या ज्या खोक्यातून आल्या ते खोकं माळ्यावर गेलं. "भक्कम आहे हो."

या व्यवस्थेत दोष एकच, तिचा नकाशा फक्त मामीच्या डोक्यात आहे. मामी घरात असेपर्यंत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी ती नागपूरला गेली. दुसऱ्याच दिवशी सकाळी मामांना उपमा खावासा वाटला. सूनबाई ऑफिसला गेलेल्या. मामांनी व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, रवा कुठाय?"

"कुठला? जाड की बारीक?"

"उपम्याचा."

"मग गुलाबजामच्या डब्यात बघा."

"यात साबुदाणा आहे."

"तो रसगुल्ल्याचा डबा झाला. गुलाबजामचा त्याच्या मागे."

"मागे वड्या आहेत कसल्या तरी."

"अहो, तो साबण! खाऊ नका!"

रवा मिळाला नाही. रव्याच्या ऐवजी इडलीचा रवा, तांदळाची कणी, रांगोळी आणि मामांची हरवलेली चष्म्याची काडी एवढं मिळालं. प्रत्येक डबा खाली उतरला आणि कोणता कुठे होता ते मामांना आठवेना. तिकडे मामी मांडीवरच्या नातवाला थोपटत हुकूम देत होती, "डावीकडे. तुमचं डावं नव्हे, माझं." शेवटी मामांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून उपमा मागवला. तो आला काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात, वर पारदर्शक झाकण. फोन अजून मिठाच्या बरणीला टेकून चालूच होता. मामा ओशाळून डबा आडोशाला न्यायला लागले, तोच पलीकडून मामीचा आवाज आला,

"अहो, जरा इकडे दाखवा. झाकण घट्ट बसतंय का हो?"