सतरावा संस्कार

मराठी घरात मूल जन्माला यायच्या आधीपासून कार्यक्रम सुरू होतात. डोहाळजेवणाला आईच्या अंगावर फुलांचे दागिने चढतात. पाचव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते. मग बारसं, सहाव्या महिन्यात मामाच्या मांडीवर उष्टावण, संक्रांतीनंतर बोरन्हाण, सवडीने जावळ. पहिला वाढदिवस तर भंडाऱ्यापासून लाखांदुरापर्यंत आता फ्लेक्सशिवाय सुना वाटतो. फ्लेक्सवर उत्सवमूर्ती गॉगल लावून बसलेली आणि तिच्याखाली शुभेच्छुकांची रांग, त्यातल्या निम्म्यांना पोराचं नाव माहीत नसतं. एवढा पसारा मांडणाऱ्या समाजाने त्या पोराच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड कार्यक्रम मात्र यादीत घेतलेलाच नाही. अंगावरचं दूध सोडवण्याला मुहूर्त नाही, पत्रिका नाही, आहेर नाही, मामाला मान नाही. सोळा संस्कारांत अन्नप्राशन आहे, कान टोचणं आहे, पण हे नाही.

बायबलमध्ये आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात नोंद आहे, की इसहाकाचं दूध तुटलं त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी दिली. इसहाक जन्मला तेव्हा बाप शंभरीचा आणि आई नव्वदीची होती. त्यामुळे ती पंगत मुलगा मोठा झाला म्हणून उठली, की आईची एकदाची सुटका झाली म्हणून, हे सांगणं कठीण. पण पंगत उठली, हे खरं.

भंडाऱ्यात पंगत उठत नाही, प्रश्न उठतात. वाढदिवसाच्या केकचा डाग सतरंजीवरून निघालेला नसतो, तोच शेजारच्या काकू ओसरीवर टेकतात.

"काहून वं, अजून पाजूनच रायली का? एका वर्साचा झाला ना पोट्टा!"

या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. "हो" म्हटलं तर पोर अंगावर पिऊन पिऊन जेवत नाही, असा निकाल लागतो. "नाही, सोडवलं" म्हटलं, तर "इतक्या लवकर? काय माय तरी!" हा निकाल तयार असतो. घरात सासूबाईंचा तिसरा पक्ष असतो, "आमच्या टायमाले" या दोन शब्दांनी सुरू होणारा. त्यांच्या टायमाले पोरं तीन-तीन वर्षं प्यायली. किंवा पाठचं भावंड पोटात आलं आणि पहिल्याचं आपोआप तुटलं. हा दुसरा उपाय सांगताना त्या सुनेकडे जरा आशेने बघतात, हेही खरं.

अंगणवाडीच्या भिंतीचं मत आणखी वेगळं असतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. त्यानंतर वरचं अन्न सुरू करावं आणि त्याच्या जोडीला अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत, आणि आईला व बाळाला हवं असेल तर पुढेही. भारत सरकारने २०१६ साली यासाठी 'माँ' नावाचा वेगळा कार्यक्रमच काढला. वर्षाच्या बाळाच्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांतला साधारण एक तृतीयांश वाटा आईचं दूध अजूनही उचलू शकतं. म्हणजे काकू म्हणतात तसं ते "नुसतं पाणी" झालेलं नसतं. पण ओसरीवर जागतिक आरोग्य संघटनेला कोणी चहा विचारत नाही. काकूंना विचारतात.

तरीही काही आयांना वर्षानंतर सोडवायचं असतं, आणि त्यांची कारणं त्यांच्यापाशी असतात. नोकरी असते, आजारपण असतं, झोप नसते. पोराला वर-खाली मिळून सहा-आठ दात आलेले असतात आणि ते नीट आलेत की नाही, याची परीक्षा ते कुठे घेतं, हे सांगायची गरज नाही.

जुन्या वैद्यांनी या प्रकरणाला आजच्या समाजापेक्षा जास्त मान दिला होता. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त, म्हणजे सुमारे सातव्या शतकात, दूध सुटलेल्या बाळासाठी खास मोदक सांगितला आहे. चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या आणि खडीसाखर. बाळाची मर्जी राखणारा हा मोदक आहे, असा त्याचा लौकिक. आता ही यादी भंडारा जिल्ह्यात वाचून बघा. लाह्या म्हणजे भाताच्या, आणि भाताचा तर हा जिल्हाच. चारोळीचं झाड, म्हणजे चार, इथल्या जंगलात मुळातलंच. उन्हाळ्यात त्याची काळी फळं पानाच्या द्रोणात विकायला येतात. मधही जंगलातला. खडीसाखर आणि ज्येष्ठमध तेवढे दुकानातून आणायचे. झाडीपट्टीच्या जंगलाकडे बघूनच वाग्भटाने ही पाककृती लिहिली असावी, असा दावा एखाद्या स्थानिक अभिमान्याने अजून कसा केला नाही, याचंच नवल. (आजचे बालरोगतज्ज्ञ यात एक ओळ जोडतील: वर्षाच्या आत मध अजिबात नको, आणि चारोळी-लाह्या बारीक कुटूनच, नाहीतर घशात अडकायच्या.)

पण लोकांनी वाग्भट बाजूला ठेवला आणि कडुनिंब उचलला. पाला वाटून छातीला लावायचा, पोर तोंड लावील, तोंड वाकडं करील, संपला विषय. हा उपाय फक्त आपल्याकडचा समजू नये. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधली दाई पहिल्याच अंकात पाल्हाळ लावून सांगते, की ज्युलिएटचं दूध तिने असंच कडू वनस्पती लावून तोडलं, आणि नेमका त्याच दिवशी भूकंप झाला. ज्युलिएट तेव्हा तीन वर्षांची होत आली होती. म्हणजे इटलीतल्या बड्या घरची लेकही तीन वर्षं प्यायली, आणि काकू तिथे नव्हत्या म्हणून निभावलं.

कडुनिंबाचा निकाल घराघरांत वेगवेगळा लागतो. काही पोरं खरोखर दचकतात आणि आईकडे अशी बघतात की आईच आधी रडते. काही पोरं एकदा तोंड वाकडं करून ओल्या फडक्याकडे बोट दाखवतात, म्हणजे पूस आणि दे. कारल्याचं तसंच. मिरची लावायचा सल्लाही सर्रास मिळतो, तो मात्र मुळीच ऐकू नये. पवनीच्या शेजारीच भिवापूर आहे आणि तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते काही यासाठी नाही. बाळाचं तोंड आणि आईची कातडी दोन्ही भाजतात आणि दूध तुटायचं राहतं बाजूला.

दुसरा घरगुती उपाय फरारीचा. पोराला आठ दिवस मामाच्या गावाला पाठवायचं, किंवा पोर घरी ठेवून आईनेच माहेरी जायचं. तुमसरला माहेर आणि साकोलीला सासर असलं, की बेत झकास जमतो, असं कागदावर वाटतं. पोर तिकडे दोन रात्री रडतं आणि तिसऱ्या रात्री मामाच्या मोबाइलवर रमतं. आईचं काय होतं, याचा विचार बेत आखणाऱ्या मंडळींनी केलेला नसतो. दूध एकदम थांबवलं तर छाती दगडासारखी होते, गाठी येतात, ताप येतो, कधी पू होण्यापर्यंत मजल जाते. शरीराला मागणी कमी झाल्याचा निरोप हळूहळू पोचावा लागतो. म्हणून डॉक्टर सांगतात ती रीत कंटाळवाणी आहे: एक वेळचं पाजणं बंद करायचं, चार-पाच दिवस जाऊ द्यायचे, मग दुसरं. दुपारचं आधी, झोपतानाचं शेवटी. पोराने मागितलं तर झिडकारायचं नाही, पण आपण होऊन द्यायचंही नाही. याला काही आठवडे लागतात, आणि आठवडे लागणारा उपाय सांगून ओसरीवर कोणाचं वजन वाढत नाही.

छाती दुखते तेव्हा म्हाताऱ्या बायका मोगऱ्याची फुलं बांधायला सांगतात. सुना हसतात. हसू नये. वेल्लोरच्या डॉक्टरांनी हा प्रयोग केला होता आणि तो १९८८ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. एका गटातल्या बाळंतिणींना दूध आटवणारी गोळी, दुसऱ्या गटाला छातीवर मोगऱ्याची फुलं. रक्तातलं दुधाचं संप्रेरक गोळीने जास्त उतरलं, पण दूध आटण्याच्या बाबतीत फुलं गोळीच्या मागे पडली नाहीत. बायकोसाठी गजरा आणायला लाजणाऱ्या नवऱ्यांना याहून सन्मान्य कारण सापडणार नाही. चार गजरे घ्यावेत, विचारलंच कोणी तर संशोधनाचा हवाला द्यावा.

जिल्ह्यातल्या बहुतेक बायांसाठी दूध सोडवण्याचा खरा पंचांगकर्ता मात्र वेगळाच आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला जायचं असतं, मे महिन्यात तेंदूपत्ता, आणि पाऊस लागला की भाताची रोवणी. बांधीत गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाईचं पोर धुऱ्यावर लुगड्याच्या झोळीत असतं, नाहीतर घरी आजीपाशी. ज्याचा वाढदिवस ज्येष्ठ-आषाढात येतो, त्याचं दूध दातांवर नाही, पावसावर सुटतं. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामावरच्या आईला दिवसातून दोनदा पाजण्याची सुटी ठेवली, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघरही सांगितलं. कायदा चांगला आहे. फक्त तो बांधीत उतरत नाही, त्याला चिखलाची सवय नसावी.

विधिमंडळात मात्र तो उतरला होता. डिसेंबर २०२२ मध्ये नाशिककडच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्ष निघाला. एसटी स्थानकांवर या नावाचे कक्ष आधीपासून होते. पाजायला घरी जायचं म्हणून रायगडाचा कडा उतरलेल्या गवळणीचं नाव खोलीला द्यायचं आणि त्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे आहे तो जेवायला गेलेला असायचा, हा अनुभव ज्या आईला आला असेल तिने कड्याचा रस्ता जास्त सोपा होता असं म्हटलं, तर तिला दोष देता येणार नाही.

दिवसाचं एकवेळ निभतं, खरा सामना रात्रीचा. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, सुरू झाली की झाडीपट्टीतलं नाटक रात्री दहा-अकराला उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. दूध सुटत असलेल्या पोराचा प्रयोगही तेवढाच लांब, फक्त त्याला तिकीट नाही आणि उठून जायची सोय नाही. पहिला अंक हुंदक्यांचा, दुसऱ्यात स्वगतं, तिसऱ्यात आईच्या गाउनशी झटापट. या नाटकात बापाला काम आहे, हे बापांना सहसा शेवटपर्यंत कळत नाही. मधल्या रात्री पोराशेजारी बापाने झोपावं, आईने पलीकडे, असं जाणती मंडळी सांगतात, आणि त्याचं कारण सरळ आहे: बापाच्या अंगाला दुधाचा वास नसतो, म्हणून पोर काही वेळ झगडतं आणि थोपटण्यावर समाधान मानतं. पण रात्री दोनला पोर रडलं, की बाप डोळे न उघडता जे वाक्य म्हणतो, ते पवनीपासून तुमसरपर्यंत एकच आहे. "दे ना वं त्याले, रडून रायला."

आणि आई देते. आठवड्याची कमाई एका वाक्यात जाते. सकाळी सासूबाई म्हणतात, "मी म्हटलंच होतं."

शेवटी कधीतरी ते सुटतं. पोर दिवसातून तीन-चार वेळा मऊ भात-वरण खायला लागतं, चिन्नोर तांदळाचा वास आला की ताटाकडे रांगत येतं, मधल्या वेळेला केळं किंवा अंडं. आता प्रश्न उरतो वरच्या दुधाचा, तो कशातून द्यायचा याचा. बाटली नको, हे अंगणवाडीताईने बजावलेलं असतं. बाटल्यांच्या आणि डब्याच्या दुधाच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्यानेच बंदी आहे. आईने ऑनलाइन मागवलेला दोन कानांचा, झाकणाचा, लवंडला तरी न सांडणारा कप येतो. आजीला तो प्लास्टिकचा म्हणून पसंत नाही. भंडारा पितळेचं गाव आहे आणि तिच्या माहेरचा पितळी पेला माळ्यावर आहे, पण त्याला कल्हई नाही आणि कल्हईवाला गल्लीत येऊन युगं लोटली. मग स्टीलच्या वाटीवर समेट होतो. बाप दूध तापवायला ठेवतो, मोबाइल बघतो, दूध उतू जातं. उरलेलं निववून, गाळून, पोरासमोर धरतात.

पोर वाटीकडे बघत नाही. ते पलीकडे खाटेवर बसलेल्या आजोबांच्या बशीतल्या चहाकडे हात करतं. लहान मुलांना चहा देऊ नये, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, असं आशाताईने कालच सांगितलेलं असतं. आजोबा इकडेतिकडे बघतात आणि बशी पुढे करतात. महिनाभरात पोर सकाळी उठल्याउठल्या "च्या" म्हणून रडायला लागतं, आणि तो कसा सोडवायचा हे सांगायला शेजारच्या काकू पुन्हा ओसरीवर येऊन टेकतात. या वेळी त्यांनी येताना कडुनिंबाचा पाला सोबतच आणलेला असतो.