विष्णुपुरीहून कन्सल्टिंगकडे: नवशिक्यांसाठी सूचना

पहिली सूचना ब्लेझरची. तो विकत घ्यायचा नाही. नांदेडजवळच्या विष्णुपुरीत, इंजिनिअरिंग कॉलेजच्या कोणत्याही हॉस्टेलवर एक काळा ब्लेझर फिरत असतोच, मुळात कुणाच्या तरी दादाच्या रिसेप्शनसाठी शिवलेला. बाह्या लांब असतील, तर आत दुमडून टाचण्या लावा. निघण्याआधी खिसे तपासा. घडी घातलेला एक कागद सापडेल, त्यावर मागच्या उमेदवारानं पाठ केलेली उत्तरं असतील. ती वाचू नका. त्याचं सिलेक्शन झालं नव्हतं.

दुसरी सूचना शेजारच्या काकांची. ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं की ते विचारणारच, "पुण्याला कशाला जाऊलालास रे?"

"इंटरव्ह्यू आहे, काका."

"कंपनी काय बनवती?"

"काही बनवत नाही. दुसऱ्या कंपन्यांना सल्ला देते."

"पैसे घिऊन?"

हा संवाद टाळू नका. 'तुम्हाला कन्सल्टिंगमध्येच का यायचंय?' हा प्रश्न पुढे एसीत बसलेला माणूस विचारणार आहे, आणि त्याचं समाधान काकांपेक्षा लवकर होतं.

ऑनलाइन टेस्टबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गणितं सोपी असतात, वेळ कमी असतो. व्हिडिओ राउंडच्या आधी मागच्या दोरीवरचे कपडे काढा, रूम पार्टनरलाही बाहेर काढा, आणि लाइट जाऊ नये म्हणून नवस बोला.

खरा खेळ पुढे आहे. तिथं तुमचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे तुम्हाला उत्तर माहीत असणं.

गेस्टिमेट घ्या. माहिती हाताशी नसताना आकड्याचा अंदाज बांधायचा, असा हा प्रकार. शिकागोत पियानो जुळवणारे किती, हा त्यातला जुना प्रश्न. तो तिथल्या विद्यापीठात शिकवणाऱ्या एन्रिको फर्मी या शास्त्रज्ञाच्या नावावर सांगितला जातो. मॅकिन्झी ही सल्ला देणारी कंपनीही शिकागोतच निघाली, १९२६ साली. त्या शहराला हिशेबाची खोडच असावी. समजा, तुम्हाला विचारलं की एका शहराला रेल्वेनं पाणी पुरवायचं, तर किती वाघिणी लागतील? लातूरचा पोरगा पटकन म्हणेल, "सर, आमच्याकडे पाण्याची गाडी आली होती की! एप्रिल २०१६, मिरजहून. पहिल्या फेरीला १० वाघिणी, ५ लाख लिटर."

चूक. इथं आठवण नको, अंदाज हवा. असं बोला: "शहराची लोकसंख्या मी चार लाख धरतो. दर माणशी रोज ५० लिटर धरले, तर दोन कोटी लिटर. एका वाघिणीत ५० हजार लिटर. म्हणजे रोज ४०० वाघिणी." समोरचा खूश होऊन वहीत काहीतरी लिहील. त्या पहिल्या गाडीतून माणशी सव्वा लिटरच आलं होतं, पुढे ५० वाघिणींची गाडी आली तेव्हाही जेमतेम सहा लिटर, आणि बाकीची तहान टँकरवर नि रात्री लावलेल्या घागरींच्या रांगेवर भागली, हे सांगायची घाई करू नका. रांगेला गृहीतकांमध्ये जागा नसते.

मग केस. 'आमच्या एका क्लायंटची डाळ मिल आहे. दोन वर्षांत नफा घसरलाय. का?' तुमचे मामा आडतीवर बसतात. तुमच्या तोंडून लगेच निघेल, "तूर महाग झाली असंल, नाहीतर बाहेरून डाळ आली असंल." बरोबर आहे, म्हणूनच नापास. योग्य रीत अशी: आधी "विचार करायला एक मिनिट मिळेल का, सर?" म्हणा. कोरा कागद आडवा धरा. नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च, हे शोध लागल्यासारखं लिहा. उत्पन्नाला दोन फांद्या, किंमत आणि नग. खर्चाला दोन, स्थिर आणि बदलता. एक मुद्दा दोन फांद्यांत यायचा नाही आणि कुठलाच सुटायचा नाही. मॅकिन्झीतल्या बार्बरा मिंटो यांनी रुळवलेला हा दंडक आहे, आणि खरं सांगायचं तर तो वाईट नाही. मामांच्या वहीत हमाली आणि तोलाई एकाच रकमेत लिहिलेली असते, तिथं त्याचा उपयोग झाला असता. तर वीस मिनिटं एकेक फांदी तपासत, बारदान नि वीजबिलाची चौकशी करत, शेवटी कच्च्या मालापाशी या आणि जरा दचकून म्हणा, "सर, तूर!"

बीसीजी या दुसऱ्या सल्लागार कंपनीचा चौकोनही तोंडपाठ हवा. १९७० पासून तो धंद्यांची चार घरांत वाटणी करतो: तारा, प्रश्नचिन्ह, गाय आणि कुत्रा. गाय म्हणजे जिच्यावर फार खर्च न करता दूध काढत राहायचं ती. घरी गोठा असेल तर इथं हसू येईल. ते दाबा.

शेवटी विचारतील, "तुम्हाला काही विचारायचंय?" पगार विचारायचा नाही. बारा-चौदा तास काम असतं का, हेही नाही. 'इथलं वर्क कल्चर कसं आहे?' असं विचारा. त्यावर ते हसून "छान आहे" म्हणतील. ते हसतात तेव्हा डोळ्यांखाली नीट बघा, तासांचं उत्तर तिथं मिळतं.

निकाल मेलनं येतो. तुमची प्रोफाइल फारच प्रभावी आहे, अशी सुरुवात दिसली की पुढचं वाचायची गरज नाही. पुन्हा अर्ज करायला बहुतेक ठिकाणी बरेच महिने थांबावं लागतं. तोवर गेटचा फॉर्म भरा, तलाठी भरती निघाली तर तोही भरा, आणि ब्लेझर ड्रायक्लीन करून पुढच्याला द्या. खिशातल्या कागदावर तुमची उत्तरं लिहायची असतील तर मागची बाजू कोरी आहे.