तात्यांचा कालनिर्णय

शिवडीच्या बीडीडी चाळीत मजल्यागणिक एक तात्या सापडतो. गोदीतून निवृत्त, गाव राजापूर तालुक्यात, आणि 2022 साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्यापासून पुरातत्त्वज्ञ.

त्याच तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर जांभ्यात एक माणूस कोरलाय. दोन हातांनी दोन बाजूंचे वाघ थोपवून धरलेला. अभ्यासकांना त्यात सिंधू संस्कृतीच्या मुद्रा आठवतात, मेसोपोटेमिया आठवतो. तात्यांना भावकी आठवते. "एकीकडे चुलता, दुसरीकडे चुलतभाऊ. मधला हिस्सा मागतोय. सरळ आहे."

वयाचा विषय निघाला की अभ्यासक चाचरतात. नुसत्या कोरलेल्या दगडाला कार्बनची चाचणी लागू पडत नाही. मग ते आडून तर्क करतात: चित्रांत गेंडा आहे, पाणघोडा आहे, जे आज कोकणात नाहीत, शेतीची खूण नाही, म्हणजे बहुधा शेतीच्या आधीची. तात्यांना 'बहुधा' खपत नाही.

"बारा हजार चारशे वर्षं. लिहून घ्या."

"वरचे चारशे कुठून आले, तात्या?"

"चारशे वर्षं आमचं घरच आहे तिथं. त्याच्या आधीचे बारा हजार."

एकदा पुतण्याने मोबाइलवर इजिप्तचं वाळवंट दाखवलं. गिल्फ केबीरच्या पठारावर अल्माशी नावाच्या शोधप्रवाशाला 1933 साली सापडलेली गुहा, भिंतीवर आडवी तरंगणारी माणसं. कुणी म्हणतं, तेव्हा तिथं पाणी होतं, ही पोहतायत. कुणी म्हणतं, हे मृतात्मे. तात्यांनी चष्मा वर केला. "जेवण झालंय. वामकुक्षी."

जवळच्याच दुसऱ्या गुहेत चिमुकल्या हातांचे ठसे आहेत. ते तान्ह्या बाळांचे समजले जात. 2016 साली मोजमापं प्रसिद्ध झाली आणि कळलं, हात माणसाचे नव्हेतच. बहुधा सरड्याच्या जातीतल्या प्राण्याचे पाय.

"घोरपड," तात्या म्हणाले. "फोटो बघताच ओळखलं होतं. बोललो नाही. उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला?"

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेले. खिडकीतल्या मुलीने जन्मतारीख विचारली.

"1 जून."

"काका, आज आलेल्या निम्म्या लोकांची 1 जूनच आहे!"

"शाळेत घालताना मास्तरांनी टाकली."

"मग खरी कोणती?"

तात्या पहिल्यांदाच चाचरले. "नक्की नाही सांगता येणार. आई म्हणायची, बहुधा शिमग्याच्या आसपास."