काकांचं कूलंट

जुनी फियाट चालवणारे वेगळे, सांभाळणारे वेगळे. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून, हाताची घडी घालून कुणी इंजिनाकडे बघत उभं असेल, तर ते दुसऱ्या जातीचे काका. पुण्याच्या जुन्या सोसायटीत असे एक तरी असतातच. "कुठे निघालात?" विचारावं, तर कुठेच नाही. आज कूलंट बदलायचंय.

"कुठलं घालणार?" हे मात्र दूध गॅसवर ठेवून आलेल्या माणसाने विचारू नये.

"रंगावर जाऊ नकोस," इथून सुरुवात होते. हिरवं, लाल, गुलाबी हा नुसता रंग. कुणी कुठला घालावा असा नियम नाही. डब्यामागची बारीक अक्षरं वाचायची. काका ती दुकानात भिंगातून वाचतात. "सगळं एकच असतं हो," असं दुकानदार एकदाच म्हणतो. मग त्याला कळतं, की कुर्ल्याच्या कारखान्यातल्या पद्मिनीचा, म्हणजे या फियाटचा, रेडिएटर तांब्या-पितळेचा, सांधे शिसं-कथलाच्या डाखाचे आणि इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. एवढे धातू एकाच पाण्यात नांदवायचे, तर जुनं सिलिकेटवालं कूलंटच बरं. नव्या गाड्यांचं पाच-पाच वर्षं टिकणारं सेंद्रिय आम्लांचं कूलंट त्या डाखाला आणि जुन्या गॅस्केटांना मानवेलच असं नाही. जुनं दर दोन वर्षांनी बदलावं लागतं, पण काकांना हा तोटा वाटतच नाही. दोन्ही एकत्र ओतलं तर? काका डोळे मिटून घेतात.

पंचाईत ही, की काकांचं बहुतेक सगळं बरोबर असतं.

पाण्यावरून घरातही धुसफूस आहे. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्याने क्षार साचून रेडिएटरच्या नळ्या चोंदतात. "आम्ही टँकरचं पितो," काकू म्हणतात, "डिस्टिल्ड खालच्या मजल्यावर." एका मेकॅनिकने 'आपल्याकडे काय गरज' म्हणत थर्मोस्टॅट काढून टाकला होता. तो आता काका दिसले की गाडीखाली सरकतो.

काढलेलं कूलंट मात्र ते कधी गटारात सोडत नाहीत. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. फियाटच्या टायरवर रोज पाय वर करणाऱ्या कुत्र्यांसाठी काका ते बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून ठेवतात, हे मी स्वतः पाहिलंय.

निम्म्या-निम्म्या मिश्रणाला १०६-१०७ अंशांपर्यंत उकळी फुटत नाही, रेडिएटरच्या झाकणाच्या दाबाने तर त्याहूनही उशिरा. आणि ते उणे ३७ पर्यंत गोठत नाही. हा शेवटचा आकडा काका एप्रिलमध्ये विशेष अभिमानाने सांगतात.

खंबाटकी घाटात गाडी तापणार नाही, याची त्यांना पुरेपूर खात्री आहे. महाबळेश्वरला मात्र दोघं यंदाही एसटीनेच गेले.

"आत्ताच नवं कूलंट घातलंय," काका म्हणाले, "लगेच कशाला तापवायचं?"