सेवापुस्तक नसलेल्या कोंबड्या

३१ मे २०२५ रोजी मी कोषागारातून निवृत्त झालो आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या घरी कोंबड्या आल्या. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. आहे, असं आमची ही सगळ्यांना सांगते.

खरं तर विषय नातीने काढला. वय वर्षं सहा. फ्रिजमधला अंड्यांचा ट्रे पाहून तिने विचारलं, "आजोबा, ही अंडी कुणाची?" मी म्हटलं, "आपली." "तसं नाही. कोणत्या कोंबडीची?" तेहतीस वर्षं ज्याने प्रत्येक कागद कुणाचा, कुठून आला, आवक क्रमांक काय, हे विचारल्याशिवाय सही केली नाही, त्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नव्हतं. परसात जागा होती, हातात वेळ होता. ठरलं.

ठरलं म्हणजे मी ठरवलं. मग घरातल्या प्रत्येकाने अटी घातल्या. नात म्हणाली, कोंबडी उचलून घेता आली पाहिजे आणि तिने चावायचं नाही. सून घरून काम करते. तिचं म्हणणं, मीटिंग चालू असताना आवाज नको. मुलाला वर्षाला तीनशे अंडी हवी होती. हिला तुळशीवृंदावनाची माती उकरलेली चालणार नव्हती. आणि आई, जिच्या गळ्यात माळ आहे, जिच्यामुळे आमच्याकडे अंड्याचं पातेलं मागच्या पडवीत वेगळ्या शेगडीवर चढतं, ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आणा. पण कापायची न्हाई. म्हातारी झाली तरी न्हाई."

या पाच अटी मी कागदावर उतरवल्या आणि त्यांत बसणारा उमेदवार शोधायला लागलो. अनेक वर्षांनी एवढा आनंद झाला होता.

पहिली फाईल पांढऱ्या लेगहॉर्नची. मूळची इटलीतल्या लिव्होर्नो बंदराकडची. इंग्रजांनी त्या नावाचं लेगहॉर्न केलं, जसं त्यांनी पुण्याचं पूना केलं. अंडी भरपूर, खाणं बेताचं; पण भित्री. पातेलं पडलं तरी किंचाळत कुंपणावरून उडून जाणार. सुनेच्या अटीवर नापास. असील बाहेरच, कारण ती झुंजीची जात. तिच्या माद्यासुद्धा भांडतात आणि अंड्यांच्या बाबतीत वतनदारी थाट, शंभराच्या आतच. कडकनाथबद्दल मला जवळपास प्रत्येक नातेवाइकाने फोन केला. झाबुआची ही कोंबडी, २०१८ साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, कातडी काळी, मांस काळं. आई एवढं ऐकूनच उठून गेली. नातीला अंडंही काळं असेल अशी आशा होती. ते तसं नसतं हे कळल्यावर तिचाही रस संपला.

मग दाक्षिणात्य मंडळी. गिरिराज बंगळूरची, कावेरीही तिकडचीच, वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या. संशोधन केंद्रांनी परसातल्या पालनासाठी मुद्दाम घडवलेले चांगले पक्षी. ग्रामप्रिया या नावाने तर सरपंचपदाचा अर्जसुद्धा भरता येईल. पण माझं मन बसलं ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्पवर. स्वभावाने गरीब, वजनाने जड, त्यामुळे उडायची भानगड नाही. ऑस्ट्रेलियात १९२२–२३ साली या जातीच्या सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत मिळून १८५७ अंडी दिली होती. १८५७! आम्हाला हा आकडा बंडाच्या धड्यापुरता माहीत. तिकडे सहा जणींनी एकही गोळी न झाडता गाठला.

ऑस्ट्रॉलॉर्प मिळाली नाही. जिथे पिल्लं मिळत होती तिथे शंभराच्या खाली देत नव्हते, आणि पिल्लाला अंड्यावर यायला पाच-सहा महिने लागतात. नातीचा धीर पाच-सहा दिवसांचा. म्हणून मी आठवडी बाजार गाठला.

जाताना अभ्यास करून गेलो होतो. तुरा लाल, मऊ आणि हाताला ऊबदार लागला पाहिजे. डोळा तेजदार. शेपटीखाली जी दोन हाडं लागतात त्यांत बोटं ठेवून बघायची. अंतर जितकं जास्त तितकी कोंबडी अंड्याला चांगली. कानाची पाळी लाल असेल तर अंडं बहुतेक तपकिरी, पांढरी असेल तर पांढरं. बाजाराच्या टोकाला एक मावशी डालग्यावर जाळी टाकून बसली होती. आत तांबूस रंगाच्या कोंबड्या, शांत, एकमेकींना टेकून.

"तलंगा हायत साहेब. आज न्हाई तर उद्या अंड्यावर येत्याल."

मी एक उचलली. तुरा चांगला. हाडांमध्ये बोटं ठेवली, तर चक्क तीन बोटं मावली! मी हर्षभरित होऊन दुसरी बघितली, तिसरी बघितली. सगळ्यांची तीन-तीन बोटं. पाय फिकट, जवळजवळ पांढरे. मला वाटलं, नाजूक आहेत, चिखलात न फिरलेल्या. फक्त चोच जरा आखूड दिसली, टोक छाटल्यासारखी. ते मी विचारलंच, कारण छाननीत त्रुटी काढली नाही तर मला जेवण जात नाही.

"त्येच तर," मावशी म्हणाली, "चोचच न्हाई तर भांडत्याल कशानं? घरच्या मान्सांसाठीच हायत ह्या. पोरंबाळं असत्यात न्हवं घरात?"

नातीची अट अशी बाजारातच पूर्ण झाली. पाचशे सांगितले होते, चारशेला एक, अशा तीन घेतल्या. कमी केलेल्या शंभरामुळे मी परतीच्या वाटेवर स्कूटर चालवताना गुणगुणत होतो, असं मागे बसलेला मुलगा सांगतो.

खुराड्याची सोय आधीच झाली होती. काही वर्षांपूर्वी कार्यालयातलं जुनं लाकडी रॅक निर्लेखित होऊन लिलावात निघालं, ते मी घेतलं होतं. बारा कप्पे. त्यात एके काळी पेन्शनची प्रकरणं असायची. 'नवीन', 'त्रुटी', 'प्रलंबित', 'निकाली' अशा रंगवलेल्या पाट्या अजून शाबूत आहेत. मी पुढे जाळी मारली, कप्प्यांत पेंढा घातला, मुंगसासाठी खाली विटा लावल्या. नातीने बारशाचं काम घेतलं. पणजीसमोर नाव घ्यायला अडचण नको म्हणून तिने कोंबड्यांची नावं भाज्यांवरून ठेवली. मेथी, चाकवत आणि अंबाडी.

डालग्यातून खाली सोडल्या तर तिघी उभ्याच. एक पाऊल नाही. मातीकडे अशा बघत होत्या की जणू ती कुणाची तरी आहे आणि परवानगी घ्यावी लागेल. नातीने पुढे होऊन स्वतः दोन्ही हातांनी माती उकरून दाखवली. तासाभराने अंबाडीने एक पाय उचलला. संध्याकाळी आई तुळशीपाशी दिवा लावून वळली तर मेथी तिच्या पायाशी आली, पंख किंचित पसरले आणि अंग खाली घालून वाकली. आई थांबली. "नमस्कार करतीया," ती म्हणाली, आणि आमच्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेत, घरात हे करणारं दुसरं कोणी उरलेलं नाही, असा शेरा होता.

पुढच्या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांना रानीखेतच्या लशीबद्दल विचारायला बोलावलं. आपल्याकडे ज्याला मानमोडी म्हणतात तोच हा रोग. त्यांनी चाकवत हातात घेतली, चोच पाहिली, पाय पाहिले, नखं पाहिली.

"काका, किती वयाच्या म्हणून घेतल्यात?"

"तलंगा आहेत. पाच महिने."

ते हसले नाहीत, हे त्यांचे संस्कार. लेअर फार्मच्या पिंजऱ्यातल्या आहेत, म्हणाले. तिथे एकमेकींना टोचू नयेत म्हणून लहानपणीच चोच छाटतात. अंडी देऊन देऊन पायांचा पिवळा रंग उतरतो. आणि जी अजून अंड्यावर आलेलीच नाही तिच्या हाडांत एक बोट जेमतेम मावतं. तीन बोटं म्हणजे भरपूर नोकरी झालेली. ती वाकते तो नमस्कार नव्हे, अंड्यावरच्या कोंबडीची कोंबड्यासाठी बसायची ती सवय. (हे आईला अजून सांगितलेलं नाही.) "बहात्तर आठवडे वगैरे झाले की अंडी कमी होतात, मग लॉट काढून टाकतात. म्हणजे, काका, रिटायर झाल्यात या."

मी पडवीच्या पायरीवर बसलो. तेहतीस वर्षं मी सेवापुस्तकं तपासली. जन्मतारखेत खाडाखोड दिसली की प्रकरण परत, मग समोर कुणीही असो. आणि बाजारात मला वय सोडून सगळं तपासायचं सुचलं.

अर्थात माझी स्वतःची जन्मतारीख १ जून १९६७ आहे. आई सांगते की मी कोयनेच्या भूकंपानंतर चौथ्या दिवशी झालो, घरातली सगळी अजून अंगणातच झोपत होती. भूकंप ११ डिसेंबरचा. शाळेत घालताना वय कमी भरत होतं म्हणून मास्तरांनी १ जून लावून दिली, जशी त्या वर्गातल्या निम्म्या पोरांना लावली. त्यामुळे सरकारने मला सात महिने आधी घरी पाठवलं. आईची तारीख तर कुठेच नाही. ती पत्री सरकारच्या धामधुमीतली. तेव्हा वयाच्या बाबतीत मावशीला बोलायचा अधिकार आमच्या घरात कुणालाच नव्हता.

मुलाने परत देण्याचा विषय काढला. आईने वाती वळता वळता विचारलं, "परत दिल्यावर ती काय करंल त्यांचं?" विषय मिटला.

पण खोटं का बोला, तिघींनी पावसाळाभर अंडी दिली. कधी दोन, कधी एक. बारा कप्पे असताना तिघींना एकच कप्पा लागायचा, 'त्रुटी'चा, आणि आतली बाहेर येईपर्यंत दुसरी समोर कुरकुरत उभी राहायची. माझ्या खिडकीसमोरच्या रांगेची आठवण यायची. कवच पातळ निघायला लागलं तेव्हा शिंपल्यांचा चुरा आणला. दिवसाला एकीला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य, म्हणजे तिघींचं महिन्याला दहा किलो. हिने हिशेब करून एका अंड्याची किंमत काढली आणि ती मला न सांगता फ्रिजवर चिकटवली.

शेजारच्या काकूंनी भर रस्त्यात विचारलं, "कोंबडा दिसत नाही. मग अंडी कशी?" मी आवाज खाली आणून समजावलं की अंडं द्यायला कोंबडा लागत नाही, पिल्लू हवं असेल तरच लागतो, दुकानातली अंडीही अशीच. काकू घाईने घरात गेल्या. हेच आईला सांगितलं तेव्हा तिने बराच विचार केला. "म्हंजी त्यात जीव न्हाई." "नाही." "तरी मी खायची न्हाई," ती म्हणाली, "पण तुमच्या पातेल्याला आत यायला हरकत न्हाई." शेगडी पडवीतून स्वयंपाकघरात आली. या घरातली एवढी मोठी धोरणात्मक सुधारणा माझ्या हयातीत झालेली नाही.

दिवाळीनंतर दिवस लहान झाले आणि पिसं झडायला लागली. मेथीची मान उघडी पडली, अंबाडीची शेपटी गेली. पीस गळताना कोंबडी अंडी थांबवते. सगळी शक्ती नव्या पिसांकडे. मी नोंदवहीत रोज शून्य, शून्य, शून्य लिहीत होतो. नोव्हेंबर होता. माझा पहिला हयातीचा दाखला, आणि आईचा कुटुंबनिवृत्तिवेतनाचा कितवा तरी. बाबा तलाठी होते. बँकेतल्या यंत्राने माझा अंगठा घेतला, आईचा घेईना. पुसून बघितला, ओला करून बघितला, दुसरा बघितला. रेषाच उरलेल्या नाहीत. शेवटी चेहऱ्याचा फोटो काढून काम झालं, पण आईचा पारा उतरला नव्हता.

घरी आलो तर तिघी दारात. मेथी, निम्मी बोडकी, पुढे आली आणि आईच्या पायाशी वाकायला गेली. आता ती सवय जवळपास गेली होती; जरा डगमगली आणि नुसतीच उभी राहिली.

"हिला कोन इचारत न्हाई अंगठा," आई म्हणाली, आणि पदराच्या गाठीतले बँकेतल्या प्रसादाचे चार फुटाणे तिच्यापुढे टाकले.

रात्री मी नोंदवही काढली. अंडी : शून्य. शेऱ्याचा रकाना गेले तीन आठवडे कोरा होता. त्यात लिहिलं, 'तिन्ही हयात', आणि खाली सवयीने सही केली.