ऐकलंत का, गच्चीवर काय वाचतात ते

अहो, इकडे या जरा. गॅलरीच्या कडेला. मोठ्यानं नको बोलायला, खालच्या मजल्यावरच्यांचे कान म्हणजे... जाऊ दे. ऐकलंत का, सेक्रेटरीकाकांनी राजीनामा दिला! सोसायटीचा नाही हो, एवढं आपलं नशीब कुठलं. वाचनाच्या ग्रुपचा. सकाळी दिला आणि संध्याकाळी परतही घेतला. का, ते सांगते. पण आधी तुम्ही त्या रविवारी होतात कुठे? जाऊबाईंकडे कल्याणला. बरोब्बर त्याच दिवशी जायचं सुचलं तुम्हाला!

हे सगळं बी विंगच्या बाईंमुळे. त्यांची मुलगी तिकडे अमेरिकेत. तिकडे म्हणे नोव्हेंबर आला की मैत्रिणी मैत्रिणी मिळून नुसती खरीखुरी पुस्तकं वाचतात. कथा नाही, कादंबरी नाही. नॉनफिक्शन नोव्हेंबर म्हणतात त्याला. मुलीनं फोनवर सहज सांगितलं, आणि बाई पडल्या रिटायर्ड मुख्याध्यापिका. एक महिना कसा पुरणार त्यांना? वर्षाचं टाइमटेबलच लावलं जिन्यात. महिन्याला एक थीम, शेवटच्या रविवारी गच्चीवर जमायचं, प्रत्येकानं दहा मिनिटं बोलायचं. नियम दोनच. पुस्तक खरं पाहिजे आणि पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचलेलं पाहिजे. मधूनच बाई प्रश्न विचारणार. अहो, साठीची माणसं घरून पाठ करून यायला लागली!

पहिली थीम इतिहास. सेक्रेटरीकाका खुशीत. केवढा तो ठोकळा काखेत मारून आले, 'श्रीमान योगी'. सतरंजीवर ठेवलं, वर हात ठेवला आणि म्हणाले, "आपल्याकडून एवढंच." बाईंनी चष्मा काढला. बाईंनी चष्मा काढला की काय होतं ते त्यांच्या शाळेतल्या पोरांना विचारा. म्हणाल्या, "अहो, कादंबरी आहे ही. रणजित देसाईंची."

काकांचा चेहरा... काय सांगू! पण हार मानतील ते काका कसले. "मग कुरुंदकरांची प्रस्तावना? ती तर खरी आहे ना? ती पण वाचलीय मी." आता नरहर कुरुंदकरांचं ते पत्र म्हणजे खरंच मोठं प्रकरण आहे, शिवाजी महाराजांविषयी एवढा विचार करून फार थोड्यांनी लिहिलंय. बाई थबकल्या. मग म्हणाल्या, "प्रस्तावनेचे मार्क देते, पुस्तकाचे नाही." आणि बजावलं, शेजवलकरांचं 'पानिपत' वाचून या. काका तरातरा ग्रंथालयात गेले आणि परत आले विश्वास पाटलांचं 'पानिपत' घेऊन! म्हणजे पुन्हा कादंबरीच. काउंटरवरच्या मुलानं दिलं म्हणे. त्या पोराची तरी काय चूक, 'पानिपत' द्या म्हटल्यावर जे जास्त खपतं तेच हातात येणार.

तेव्हापासून काकांच्या मनात बाईंविषयी जे बसलं ते बसलंच.

हां, तर काय सांगत होते... प्रवासाच्या थीमचं! कुंड्यांवाल्या वहिनी नाहीत का, मोगऱ्याला पाणी घालताना आपल्या वाळणांवर पण घालतात त्या. त्यांनी नाव लावलं गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'चं. आम्ही म्हटलं वा! उभ्या राहिल्या, पदर सावरला, फाडफाड बोलल्या दोन मिनिटं. जिद्द काय, अनुभवविश्व काय. बाईंनी शांतपणे विचारलं, "भटजी घरातून निघाले कशाला?" वहिनी गप्प. मग अगदी हळू म्हणाल्या, "ते... गांधीजींच्या..."

अहो, गोडसे म्हटल्यावर त्यांनी नथुरामच धरला! लेकानं मोबाइलवर काहीतरी सारांश काढून दिला होता, त्यात जिद्द आणि अनुभवविश्व तेवढंच होतं. वहिनी अशा काही खाली बसल्या की मलाच कसंतरी झालं. तसं हसू पण येत होतं म्हणा.

मग त्यांच्याच सुनेनं सांगितलं सगळं. ती आयटीत आहे ना, लोकलमध्ये वाचते उभ्या उभ्या. विष्णुभट हे पेणजवळच्या वरसईचे. घरावर कर्ज. कळलं की बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, म्हणून काकाला घेऊन निघाले उत्तरेकडे. आणि नेमके सापडले १८५७ च्या बंडात! झाशीत होते हो ते, राणीच्या झाशीत. इंग्रजांची फौज आत घुसली तेव्हा लपून जीव वाचवलेला. मिळवलं होतं ते लुटलं गेलं. दक्षिणा आणायला गेलेला माणूस घरी आला गंगेची कावड घेऊन, आईवडिलांना स्नान घालायला. चिंतामणराव वैद्यांनी छापलं ते १९०७ साली. सून सांगत होती आणि सासूबाई कुंडीतल्या मातीकडे बघाव्या तशा सतरंजीकडे बघत होत्या. घरी गेल्यावर काय झालं ते मला नक्की माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण नंतर.

खाण्याच्या महिन्यात विशेष काही नाही. ओगलेआजींची 'रुचिरा' सगळ्यांच्याच घरात, त्यामुळे सगळ्यांनी तीच लावली, आणि पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत म्हटल्यावर सगळ्याच पकडल्या गेल्या. १९७० पासून घराघरात आहे, पण नेहमीचे दोन-चार पदार्थ सोडून मधलं कोणी पाहिलंय? वाटी-चमच्याचं माप दिलं म्हणून नव्या नवऱ्या तगल्या, यावर मात्र एकमत. विज्ञानाच्या महिन्यात पाच जणांनी 'अग्निपंख' आणलं. एकांनी नारळीकरांचं म्हणून 'यक्षांची देणगी' आणलं, त्या तर विज्ञानकथा, बाद! फक्त बाईंच्या यजमानांनी 'चार नगरांतले माझे विश्व' नीट वाचलं होतं. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे, असं बोटावर मोजत बसले होते. बाईंचा प्रश्न येणार या भीतीनं.

आणि निसर्गाच्या थीमला ती ए विंगची कॉलेजमधली मुलगी. दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र' घेतलं तिनं. तिचा नंबर आला तर म्हणते, "माझं पूर्ण झालं नाही." बाईंनी चष्म्याला हात घातला. ती म्हणते, "प्रत्येक महिन्यावर एक लेख आहे, चैत्रापासून. मी त्या त्या महिन्यात त्या त्या महिन्याचा वाचतेय. तुम्ही एका महिन्यात संपवा म्हणता, दुर्गाबाईंनी वर्षभर झाडं पाहून लिहिलं!" बाईंनी चष्मा परत लावला. मी पहिल्यांदा पाहिलं तसं. मुलगी गुणाची आहे हो. आपल्या मधल्याच्या... नको, आत्ता नको तो विषय.

तर आता मुख्य. आत्मचरित्रं. ही थीम एका महिन्यात आवरलीच नाही, दोन महिने चालली.

काका सूड घ्यायला टपलेलेच होते. बाईंनी 'श्यामची आई' लावलं आणि हे उसळले. "हे खरं कसं? लेखकाचं नाव पांडुरंग सदाशिव साने. मुलाचं नाव श्याम. नाव बदललं की गोष्ट झाली!" बाई म्हणाल्या, नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली चार-पाच दिवसांत आईच्या आठवणीनं लिहिलंय ते, खोटं कोण लिहील तसं? काका म्हणाले, "भावना खऱ्या असतील. नियम काय आहे? तुम्हीच केलाय." अहो, सगळी गच्ची दोन भागात! एकीकडे म्हणे, पालगडची आई खरी म्हणजे पुस्तक खरं. दुसरीकडे म्हणे, मग 'व्यक्ती आणि वल्ली'तला नारायण पण खरा म्हणा, प्रत्येकाच्या लग्नात भेटतो तो. तासभर चाललं. शेवटी बाईंनी स्वतःच पुस्तक बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "बाद." आवाज जरा बसला होता. काका जिंकले, पण कोणी टाळी वाजवली नाही. मला विचाराल तर असल्या बाबतीत जिंकू नये माणसानं.

मग चौथ्या मजल्यावरचे रेल्वेतले काका उठले. ते कधी बोलतात का? लिफ्टमध्ये नुसती मान हलवतात. त्यांनी दया पवारांचं 'बलुतं' आणलं होतं. १९७८ ला आलं तेव्हा विकत घेतलेली प्रत, पानं पिवळी. त्यातल्या दगडूच्या लहानपणाचं, मुंबईतल्या कावाखान्याचं थोडं सांगितलं आणि म्हणाले, "मी तिथेच वाढलो. पुस्तकात आहे तेवढंच नव्हतं." बस. पुढे बोललेच नाहीत. एवढी वर्षं एका जिन्यानं चढतोय आपण. गणपतीची वर्गणी घेतो त्यांच्याकडून, आणि कुणी साधं विचारलं नाही की तुमचं गाव कुठलं, घर कुठलं. बाईंनी प्रश्न विचारला नाही. कोणीतरी चहाचं नाव काढलं आणि सगळे एकदम कपांकडे वळले. मला नाही आवडलं ते वळणं. पण मीही वळलेच की.

माझं? मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घेतलं होतं. अहो, काय बाई ती! नवरा न सांगता घरातून निघून जाणारा, कवी. १८९५ साली त्यानं ख्रिस्ती धर्म घेतला, ही हिंदूच. पाचेक वर्षं दोन दिशांना दोघं, मग १९०० साली हिनं स्वतः बाप्तिस्मा घेतला. दुसरी कोणी असती तर पानोपानी रडली असती. ही हसते! सासरचं, माहेरचं, सोवळ्याचं, स्वतःच्या फजितीचं, सगळं असं सांगते की वाटतं आत्ताच उठून पोळ्या लाटायला जाईल. आपण इथं उभ्या राहून लोकांचं सांगतो. ती स्वतःचं सांगते, तेही पदराआड काही न ठेवता. मला दहा मिनिटं पुरली नाहीत. बाईंनी थांबवलं.

आणि मग उठल्या सेक्रेटरीकाकू!

हो हो, काकू! ज्या आजवर फक्त थर्मास घेऊन वर येत होत्या, त्या. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. काकांना वाटलं पोथीबिथी असेल. काकूंनी उघडलं आणि म्हणाल्या, "'आहे मनोहर तरी'. सुनीता देशपांडे."

काकांचा कप हातातल्या हातात थांबला. काकू हळूहळू बोलल्या. १९४६ साली रत्नागिरीला नोंदणी लग्न, ते सांगितलं. हुशार बाई, चळवळीत उतरलेली, घरात मात्र नवऱ्याच्या, पुलंच्या, मोठेपणाचं सगळं ओझं हिनं उचललेलं, ते सांगितलं. आणि म्हणाल्या, "१९९० साली हे छापलं तेव्हा पुलं होते. त्यांच्यासमोर छापलं." ते 'समोर' असं काही म्हणाल्या की सगळ्या नवऱ्यांनी एकदम बसण्याची बाजू बदलली. माझ्या शेजारी आमचे हे, त्यांनी पण!

काकांना राहवेना. "पुलंसारख्या देवमाणसाबद्दल असं लिहायचं? घरातलं घरात राहावं."

काकू म्हणाल्या, "तुम्ही वाचलंय का?"

"वाचलं नाही. ऐकून आहे."

"मग नियम दुसरा," काकू म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

अहो, गच्ची फुटली हसून! बाईंनी तर चष्मा काढून डोळे पुसले. काका लालेलाल. हसावं की रागवावं कळेना त्यांना, म्हणून उगीच टाकीतलं पाणी बघायला गेले. बाईंनी काकूंना विचारलं, "एखादा प्रश्न विचारू?" काकू म्हणाल्या, "विचारा ना. दोनदा वाचलंय."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तो राजीनामा. जिन्यातल्या नोटीस बोर्डावर, सोसायटीच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट! मी दूध घ्यायला गेले तेव्हा वाचला. आणि संध्याकाळी बघते तर काढून टाकलेला. आता तुम्ही म्हणाल, समजूत कुणी घातली? कुणीच नाही. काकांनी विचार केला असणार की आपण नसलो तर ही गच्चीवर काय काय बोलेल!

पण खरी गंमत पुढेच आहे. जरा अजून इकडे या. काकूंनी वही आणलीय. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून, दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. आता दुपारी जेवणं झाली की आतल्या खोलीत बसतात आणि लिहितात. मला पेनाचा आवाज येतो म्हणत नाही मी, पण भिंतीला भिंत लागून आहे, दाराची कडी लागलेली कळते. आणि काका? काकांनी परवा स्वतः चहा केला. काल भाजी आणली, निवडूनसुद्धा दिली. संध्याकाळी माझ्याकडे आले आणि अगदी सहज विचारल्यासारखं करून म्हणाले, "वहिनी, हे आत्मचरित्र म्हणजे साधारण कुठल्या सालापासून सुरू करतात?"

मी म्हटलं, "लग्नापासून."