आमच्या वाघाच्या नव्या यजमानांस

टिपेश्वर अभयारण्याच्या काठी रिसॉर्ट काढणारे सन्माननीय, निसर्गप्रेमी मालक महोदय यांसी,

काठावरच्या समस्त गावकऱ्यांचा साष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, आपल्या उपकारांची परतफेड आमच्यानं होणार नाही. निदान पोच तरी द्यावी म्हणतो.

आजवर आम्ही पांढरकवड्याकडच्या कोरडवाहू शिवारात राहतो, असं समजत होतो. आपल्या फलकावरून कळलं की आम्ही ‘निसर्गाच्या कुशीत’ आहोत. १९९७ साली अभयारण्य झालं आणि पुढे आतलं टिपेश्वर गाव उठून बाहेर आलं. गुरं आत शिरली की गुन्हा, काटक्या आणल्या की गुन्हा. जंगलाला माणसांचा त्रास होतो, असं आम्हाला समजावलं गेलं होतं. तो त्रास पायी येणाऱ्यांचाच होतो, जिप्सीत बसून येणाऱ्यांचा होत नाही, हे बारकं शास्त्र आपल्यामुळे उमजलं.

आपली ‘मचाण’ खोली तर काय वर्णावी! लाकडी जिना, पांढरीशुभ्र गादी, वर पंखा. मचाण आमच्याकडेही आहे. चार बल्ल्या, त्यावर तुराट्या, फाटकी ताडपत्री, एक टॉर्च, आणि रानडुकरं नाहीतर रोही आले की बडवायला तेलाचा रिकामा डबा. जागलीला बसलेल्याचा डोळा लागला, तर सकाळी हरभरा उरत नाही. या अनुभवाचं आपण एका रात्रीचं भाडं घेता. आम्ही तो पिढ्यान्‌पिढ्या फुकट घालवला, केवढे आम्ही अडाणी!

दिव्यांबद्दलही ऋणी आहोत. पंपाची लाइन आमच्याकडे पाळीपाळीनं रात्रीची येते, म्हणून मोठमोठ्यानं बोलत, खाकरत ओलिताला जावं लागतं. आपलं आवार मात्र रात्रभर लखलखतं. उजेडाला बिचकलेलं जनावर अंधार शोधतं, आणि अंधाराची आमच्या वावरात कमतरता नाही. पाहुणा आपला, मुक्काम आमच्याकडे.

आता आपलं वाघावर इतकं प्रेम, म्हणून एक घरातली गोष्ट सांगतो. हे अभयारण्य अवघं १४८.६३ चौरस किलोमीटरचं. इथं जन्मलेल्या पोरांना जागा पुरत नाही. त्यातलाच एक २०१९च्या जूनमध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला, तेलंगणातून फिरून सुमारे ३,००० किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटलं. तो गेला कुठून? नाल्याच्या काठानं, पऱ्हाटीतून, आमच्या धुऱ्यावरून. वाघ सातबारा पाहत नाही. त्या वाटेवर आपण दगडी भिंत घातली, वर काचा लावल्या, आणि फाटकावर वाघाचंच चित्र काढलं. एवढं सौजन्य कोण दाखवतं हो?

टी-१ वाघीण आपल्याला ठाऊक असेलच, शहरांनी जिला अवनी म्हटलं ती. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीच्या जंगलात ती गोळीनं मेली. गेलेली माणसं वावरात, रानात कामाला गेलेली होती. आपल्या शेकोटीभोवती ही कथा फार रंगेल. जेवण झाल्यावर सांगावी. आधी सांगितली तर पाहुण्यांची भूक मरते.

‘हमखास व्याघ्रदर्शन’ हे आपलं आश्वासनही मनाला भावलं. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ला एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांना सफारीच्या गाड्यांनी असंच मनसोक्त दर्शन घेत पुढून-मागून अडवलं होतं. त्या आदरातिथ्याची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. आपण टिपेश्वरला तो मान कधी मिळवून देता, याची वाट पाहतो.

रोजगाराचं विसरलोच. ज्याचं वावर आपण घेतलं, त्यालाच त्याच्या वावराच्या फाटकावर उभं केलं, वर गणवेश दिला. गाडी आली की तो सलाम करतो. पूर्वी तो तिथं डवरा धरायचा. सलाम कसा ठोकायचा, हे त्याला बिचाऱ्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

एवढं सगळं उभं राहिल्यावर आता आपला ना-हरकतीचा अर्ज ग्रामसभेपुढे आहे. त्या दिवशी आपण जातीनं यावं, ही विनंती. येताना दोन कागद आणावेत: पोहण्याच्या तलावासाठीची बोअर किती फूट खोल जाणार त्याचा एक, आणि सांडपाणी कोणत्या नाल्यात सुटणार त्याचा एक. उन्हाळ्यात त्याच नाल्याच्या डोहावर आमची ढोरं आणि आपले वाघ दोघंही येतात. म्हाताऱ्या बायांना इंग्रजी कळत नाही, तेव्हा कागद मराठीत असावेत. आणि त्या आधी एक रात्र आमच्याकडे जागलीला या. भाडं नाही, भाकर आमची. डबा मात्र आपणच बडवायचा.

आपल्या माहितीपत्रकातले,
साधेभोळे ग्रामस्थ